रुमालाखालच्या तीन फेऱ्या

लातूरमध्ये बाहेरचा आवाज आत येणार नाही अशा खोल्या बऱ्याच आहेत. शिकवणीच्या क्लासवाल्यांनी त्या बांधल्या. आत फिजिक्सचे सर कॅमेऱ्यासमोर उभे राहून शिकवतात आणि गावोगावची पोरं ते मोबाइलवर बघतात. नांदेडमध्येही अशा खोल्या आहेत, पण त्यांच्या मालकांना मी कधी ना कधी शिव्या देऊन बसलो होतो. म्हणून आमचा जॅझचा अल्बम लातूरला रेकॉर्ड झाला.

जुनी बॅच संपली होती, नवी यायची होती. मधले चार दिवस खोली रिकामी. ती तळमजल्यावर होती हे महत्त्वाचं, कारण माझा पियानो जिना चढत नाही. फळ्यावर कुठल्यातरी पडणाऱ्या वस्तूचं गणित अर्धवट पुसलेलं होतं. आम्ही ते तसंच ठेवलं, कारण क्लासच्या मालकानं सांगितलं होतं की फळ्याला हात लावायचा नाही.

मी पियानो वाजवतो म्हटलं की नांदेडचे लोक विचारतात, म्हणजे पेटीच ना? मी हो म्हणतो. जॅझ वाजवतो म्हटलं की विचारतात, बँडमध्ये वाजवतात ते? त्याला मी पूर्वी चिडून नाही म्हणायचो. आता म्हणत नाही, का ते पुढे येईलच.

नांदेडमध्ये माझं जुन्या वाद्यांचं दुकान आहे. एखाद्याची हौस फिटली की वस्तू माझ्याकडे येते, दुसऱ्याची हौस जागी झाली की जाते. मी देगलूरचा. वडील तिथल्या बाजारात हमाल होते. तिथं मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांत घासाघीस चालते, आणि मी लहानपणी चारही भाषांत मार खाल्लेला आहे. शाळा दहावीला सुटली. त्यानंतर जे शिकलो ते कुणी फुकट शिकवलेलं नाही, आणि हे मी माणसांना फार लवकर सांगतो, असं बायकोचं म्हणणं आहे.

जॅझ मला एका बिघडलेल्या टेपरेकॉर्डरनं शिकवलं. कुणीतरी विकायला आणलेला होता, त्यात एक कॅसेट अडकलेली. तिच्यावरचं नाव झिजून गेलेलं. टेप दुरुस्त झाला का बघावं म्हणून मी ती लावली. एक माणूस पियानो वाजवत होता, मागे जाड तारांचा बेस आणि ड्रम. बराच वेळ तो माणूस एकटाच पुढे होता आणि बाकीचे दोघे मागे राहून त्याला वाट करून देत होते. कुणी त्यांना दमात घेतलेलं वाटत नव्हतं. आपण होऊन मागे राहिले होते. एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी हाकललं आणि दुकानाचं शटर दुपारीच ओढून घेतलं. असं काही जगात असतं आणि मला तीस वर्षांत कुणी सांगितलं नाही, याचाच मला आधी राग आला.

पुढची वर्षं मी ती कॅसेट थांबवून थांबवून शिकलो, नंतर मोबाइलवर शिकलो. हैदराबादच्या एका जुन्या घरातून खरा पियानो उचलला. तीन चकरा मारल्या, तिसऱ्या चकरेत त्याचं स्टूलही सौद्यात घालून घेतलं. सात रचना बांधल्या. मग मला अल्बम करायचा होता, आणि त्यासाठी मला मास्तर हवे होते.

मास्तर म्हणजे लातूरच्या एका बँड पार्टीचे क्लॅरिनेटवाले. आता सत्तरीला आलेले. सतराव्या वर्षी मी त्यांच्या पार्टीत लागलो होतो. जनरेटर, भोंगे आणि त्यांच्यामध्ये बांधलेला की-बोर्ड अशी एक चार चाकांची गाडी असते. ती मी ढकलायचो आणि तिच्यावरच वाजवायचो. सहा हंगाम. त्या सहा हंगामांत मास्तरांनी मला एकदाही एकट्याला वाजवू दिलं नाही. ते थांबतच नसत. गाल फुगवून नाकानं श्वास घ्यायची त्यांना सवय होती, त्यामुळे दम घ्यायलाही थांबत नसत. परण्या निघाल्यापासून, म्हणजे लग्नाआधी नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या देवळाकडे निघतो तिथपासून, मांडवाच्या दारापर्यंत त्यांचा सूर चालू.

एकदा उदगीरला त्यांनी मला शब्द दिला. देवळाच्या वळणावर एक अख्खं गाणं तुझ्या एकट्याचं. वळण आलं. त्यांनी क्लॅरिनेट खाली घेतली. मी सुरू केलं, आणि चार ओळी झाल्या नसतील तोच घोडी थांबली. त्या घोडीला वर्षानुवर्षं क्लॅरिनेटच्या मागं चालायची सवय. सूर गेला तशी तिला वाटलं पोचलो. नवरदेव तिच्या मानेवर कलंडला, बाशिंग डोळ्यांवर आलं. मास्तरांनी माझा सूर बुडवत वाजवायला सुरुवात केली आणि घोडी चालू लागली. नवरदेवाचा मामा म्हणाला, "घोडीला बी कळतं बाबा." रस्ताभर लोक हसले. त्या हंगामानंतर मी बँड सोडला, पण ते हसणं बरोबर घेऊन निघालो.

अल्बममध्ये त्यांना कशाला घेतलं, असं मला खूप जणांनी विचारलं. मी सांगायचो, तीन जिल्ह्यांत असा फुंकणारा माणूस नाही. ते खरंच होतं. पण दुसरंही एक खरं होतं. मला त्यांना एकदा गप्प बसवायचं होतं, माझ्या पियानोसमोर, मशीन चालू असताना. आणि माणूस समोर असल्याशिवाय त्याला गप्प बसवता येत नाही.

उरलेले दोघे असे. बेसवाला चाकूरचा, तहसिलात कारकून. चौदा एप्रिलच्या आसपास त्याला घरी झोपायला मिळत नाही, इतके भीमगीतांचे कार्यक्रम. त्याचा बेस असा की स्टेज कसंही असो, गाणं हलत नाही. ड्रमवाले सर जळकोटच्या शाळेत पीटी शिकवतात. ताल चुकला की त्यांचा हात आपोआप शिट्टीकडे जातो. दोघेही मला शेठ म्हणायचे. मास्तर मला दुकानदार म्हणायचे.

"दुकानदार, हे जाझ म्हणजे काय असतं?" पहिल्या दिवशी मास्तरांनी विचारलं.

मी समजावलं. आधी सगळ्यांनी मिळून चाल वाजवायची. चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा गेली की एक फेरी. मग एकेकानं आपापल्या फेऱ्यांत त्या चालीचं मनाला येईल ते करायचं, बाकीच्यांनी मागे राहायचं. शेवटी परत सगळ्यांनी चाल.

"म्हंजे आमी करतो तेच," मास्तर म्हणाले. "फकस्त नवरदेव न्हाई."

पहिल्या दिवशी दोन रचना झाल्या. संध्याकाळी रेकॉर्डिंगवाल्यानं पहिल्या रचनेची फाइल मोबाइलवर पाठवली. हा क्लासचाच माणूस, सरांची लेक्चरं कापून-जोडून नीट करणारा. मी ऐकली आणि मला काही समजेना. रचना आमचीच होती, पण कुणीतरी मागे लागल्यासारखी पळत होती. जिथं आम्ही थांबलो होतो तिथं थांबणं नव्हतं. बेसचा एक सूर संपून पियानोचा दुसरा येईपर्यंत जी मोकळी जागा, ती गायब.

मी त्याला फोन लावला.

"गॅप काढलेत सर," तो म्हणाला. "आपोआपच निघतेत. तशी सेटिंगच हाय."

"कुणी सांगितलं काढायला?"

"पोरं थांबत न्हाईत सर. सर फळ्याकडं वळले की पोरं व्हिडिओ पुढं ढकलतेत. म्हणून आमी रिकामं काहीच ठेवत न्हाई. तुमचा बी पाऊण मिनिट वाचला."

त्या फोनवर मी जे बोललो त्याबद्दल दुसऱ्या दिवशी त्याला पोहे खाऊ घातले. मास्तरांना हा प्रकार कळला तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "ह्यो माझा माणूस," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आणखी दोन रचना उरकल्या. मास्तर सुरेख वाजवत होते, हे लिहायला मला आजही जड जातं. चाल एकदा सांगितली की पुरे. नोटेशनचा कागद पुढे ठेवला तर त्याच्यावर चहाचा कप ठेवायचे. पण दुसऱ्याच्या फेरीत मागे राहणं त्यांच्या रक्तात नव्हतं. बेसवाल्याच्या फेरीत कडेकडेनं एखादी ओळ टाकायचे. ड्रमवाल्या सरांच्या फेरीत टाकली तर सर नुसतं बघायचे, शाळेत उशिरा आलेल्या पोराकडे बघतात तसं. त्या दोघांना चालत होतं. माझ्या फेऱ्यांत टाकली तर मी थांबवून परत घ्यायला लावायचो, त्यामुळे माझ्या फेऱ्या मी त्या दिवशी छोट्याच ठेवल्या. माझं सगळं लक्ष तिसऱ्या दिवसावर होतं.

पाचव्या नंबरची रचना माझी सगळ्यांत जुनी. त्या कॅसेटनंतर पहिली बांधलेली. तिच्या मधोमध पियानोचा एकट्याचा मोठा तुकडा होता. मागे फक्त बेस आणि ड्रम. माझ्या दृष्टीनं अल्बम त्या तुकड्यासाठीच होता. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाला मी विषय काढला.

"मास्तर, पाचवीत मधे पियानो एकटा. तुम्ही गप्प."

"किती गप?"

"पाच फेऱ्या."

"पाच फेऱ्यांत माणूस निलंग्याला जाऊन येतो."

"मग जाऊन या."

ड्रमवाले सर हसले. मास्तरांनी कप खाली ठेवला आणि खांद्यावरचा रुमाल काढला. "रुमालाखाली ये," म्हणाले. "ह्या दोघांसमोर माझा भाव कामून फोडतो?"

बैलांच्या बाजारात सौदा असा होतो. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं धरून आकडा सांगायचा, तोंडानं नाही. आजूबाजूला किती का माणसं असेनात, आकडा दोघांतच राहतो. मास्तरांनी माझा हात रुमालाखाली घेतला आणि एक बोट धरलं. एक फेरी. मी हात झटकला आणि त्यांची चार बोटं धरली. चेहरा घरात कुणी वारल्यासारखा ठेवायचा असतो, तो दोघांनीही ठेवला होता. त्यांनी दोन धरली. मी उठून जायचं नाटक केलं, पण हात काढला नाही, कारण हात काढला की सौदा फिसकटतो. शेवटी माझ्या मधल्या तीन बोटांवर त्यांची मूठ बसली.

"क्लॅरिनेट मांडीवर," मी म्हटलं.

"मांडीवर. पण उरलेल्या दोनी रचनांचा शेवट माझा. शेवटचा सूर मी सोडीन तवा संपायचं."

"कबूल."

"कबूल." त्यांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला.

"किती ठरल्या?" बेसवाल्यानं विचारलं.

"वाजवून झाल्या की मोज," मास्तर म्हणाले.

त्या क्षणी मी फार खूश होतो. माझे वडील आयुष्यभर देगलूरच्या बाजारात राबले, पण हमालाचा हात कधी रुमालाखाली जात नाही. तो व्यापाऱ्याचा जातो, फार तर दलालाचा. मी तीन फेऱ्या मिळवल्या होत्या, आणि पाचावरून तीनवर आणलं म्हणून मास्तरांनाही आपण जिंकलो असं वाटत असणार. चांगला सौदा तोच, ज्यात दोघांनाही समोरचा फसला असं वाटतं.

रेकॉर्डिंगचा पहिला टेक सुरू झाला. सगळ्यांनी मिळून चाल वाजवली. मास्तरांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवली. माझी फेरी सुरू झाली. हात मोकळे झाले. पहिल्या फेरीच्या मध्याला मला वाटलं, आज बोटांत काहीतरी वेगळं आलंय. एक ओळ वाजवली की तिचं उत्तर कुठूनतरी आपोआप येत होतं आणि मी त्या उत्तराला उत्तर देत होतो. दुसऱ्या फेरीत तर मी घरी कधी न वाजवलेलं वाजवायला लागलो. तिसरी सुरू झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की उत्तर माझ्या हातातून येत नाहीये. मास्तर डोळे मिटून खालच्या पट्टीत, अगदी हळू, फुंकत होते. मांडीवरून क्लॅरिनेट कधी उचलली ते कुणालाच दिसलं नव्हतं.

मी तिसरी फेरी संपवली, चाल संपवली, रेकॉर्डिंगवाल्यानं हात खाली केला आणि मग मी पियानोचं झाकण आपटलं. पुढचं लिहिण्यासारखं नाही. उदगीरपासूनचं सगळं एका दमात निघालं. नाकानं श्वास न घेताही मी बराच वेळ थांबलो नाही, असं बेसवाला सांगतो.

मास्तरांनी हातातल्या क्लॅरिनेटकडे दुसऱ्याचं पोर मांडीवर येऊन बसल्यासारखं पाहिलं. "आलं तोंडात," म्हणाले.

"तोंडात येत असेल तर तोंड बांधा."

क्लॅरिनेटची रीड, म्हणजे तोंडाशी असते ती बांबूची पातळ पट्टी, तिच्याशिवाय आतून नुसती हवा जाते. दुसऱ्या टेकमध्ये चाल वाजवून झाल्याबरोबर मास्तरांनी ती पट्टी सोडवली, पुसली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. खिशाचं बटण लावलं. मग हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत बसले. तीन फेऱ्या. तिसरी संपायच्या जरा आधी बटण उघडून त्यांनी पट्टी परत बसवली आणि शेवटच्या चालीला बरोब्बर हजर झाले.

मी एकही चूक केली नाही. हवं होतं ते सगळं वाजवलं. झालं तेव्हा मला हलकं वाटलं. मास्तर पाय मोकळे करायला बाहेर पायरीवर जाऊन बसले, आणि आम्ही तिघांनी आत दोन्ही टेक ऐकले.

दुसरा संपला. सर ड्रमची छडी पुसत होते. बेसवाला एरवी माझ्या वाजवण्याला लगेच दाद देणारा. त्यानं मोबाइल काढून बघितला, त्याच्यावर काही आलेलं नव्हतं.

"बोला ना," मी म्हटलं.

"दोनी चांगलेत शेठ," सर म्हणाले.

"मी चांगलं-वाईट विचारत नाही. कुठला?"

मग रेकॉर्डिंगवाला बोलला. त्याला आमच्यात कुणाची भीड नव्हती आणि जॅझ त्यानं दोन दिवसांपूर्वी पहिल्यांदा ऐकलं होतं. "सर, पहिल्यात दोन माणसं बोलून राहिलीत," तो म्हणाला. "दुसऱ्यात सर लेक्चर देऊन राहिले."

मी परत दोन्ही लावायला सांगितले. तीनदा ऐकले. मी माल ओळखून जगलोय. वरून पॉलिश मारलेली पेटी कुठली आणि आतून चांगली कुठली, हे मला बोट लावताच कळतं. पहिल्या टेकमध्ये मी मला कधी जमलं नाही असं वाजवलं होतं. दुसऱ्यात मी मला जमतं तेवढंच वाजवलं होतं.

मी बाहेर गेलो. मास्तर पायरीवर शेंगा सोलत होते.

"मास्तर, पहिला टेक ठेवू."

"कामून?"

"बरा आहे."

"त्याच्यात मी हाय."

"आहात."

"मग सौद्याचं काय?"

"सौदा माझ्या बाजूचा होता. मी सोडतो."

"एकट्यानं सुटत न्हाई. रुमालाखाली दोन हात असतेत." त्यांनी मला एक शेंग दिली. मी घेतली नाही.

आयुष्यात पहिल्यांदा मी उलटी घासाघीस केली. कव्हरवर त्यांचं नाव माझ्या आधी घालतो म्हटलं. नको. रचनेला त्यांनी म्हणावं ते नाव देतो म्हटलं. नको. मधला तुकडा दोघांचा असं छापतो म्हटलं. त्याला थोडा वेळ लागला, पण नकोच. मी भाव चढवत होतो आणि समोरचा मागतच नव्हता. अशा माणसाशी कसा सौदा करायचा हे मला देगलूरच्या बाजारात कुणी शिकवलं नव्हतं.

"तुम्हाला कळतंय का, पहिला चांगला आहे म्हणून सांगतोय?" मी म्हटलं.

"कळतंय की. कान हायेत मला."

"मग?"

"मग काय? तू मला कशाला बोलावलं? गप बसवायला. पैल्या दिवशीच समजलं मला. उदगीरचं माझ्या बी ध्यानात हाय." त्यांनी टरफलं हातात गोळा केली. "तवा घोडी चालवायची होती, म्हणून वाजवलं. ते तुझं काम नव्हतं, माझं होतं. आज तू गिऱ्हाईक. तीन फेऱ्या गप मागितलं. तोलून, बांधून दिलं. आता माल परत घेत न्हाई मी."

"सत्तर वर्षांचे झालात, एवढा राग बरा नाही."

"तू पन्नासचा झाला. तू कामून घेऊन फिरून राहिला?"

मग आत जाऊन आम्ही उरलेल्या दोन रचना रेकॉर्ड केल्या. ठरल्याप्रमाणे त्यांचा शेवट मास्तरांनी केला. शेवटच्या रचनेचा शेवटचा सूर त्यांनी इतका लांबवला की सरांनी घड्याळ पाहिलं.

नांदेडला आल्यावर रेकॉर्डिंगवाल्याचा रोज फोन. सर, पाचवीचा कुठला? मी मालक होतो. मी पहिला टाकला असता तर मास्तर भांडायला आले नसते. कागद नव्हता, साक्षीदारांना आकडासुद्धा माहीत नव्हता. दुकानात बसून मी दहा दिवस दोन्ही ऐकत होतो. एका गिऱ्हाइकानं विचारलं, हे कोण वाजवतंय? पहिला टेक चालू होता. मी म्हटलं, मी. तो म्हणाला, आणि दुसरे? मी त्याला हार्मोनियम दाखवायला आत नेलं.

शेवटी मी दुसरा टाकायला सांगितला. लोकांना वाटतं मी अहंकारानं टाकला, आणि थोडा होताही. पण खरं सांगायचं तर माझा हात एकदाच रुमालाखाली गेला होता, आणि तिथं दिलेला शब्द मोडणारा माणूस मला व्हायचं नव्हतं. पहिला टेक माझ्या मोबाइलमध्ये आहे. मी तो कुणाला पाठवत नाही.

अल्बम इंटरनेटवर आला. ऐकणारे थोडे होते, पण लिहिणारे होते. पुण्याहून एका जाणकारांनी लिहिलं की पाचव्या रचनेत वादकानं मोकळी जागा राखण्याचं जे धाडस दाखवलं आहे, ते मराठी माणसाकडून अपेक्षित नव्हतं. मी त्यांना धन्यवाद लिहिलं. एवढी मोकळी जागा मला मागून घ्यावी लागली होती हे लिहिलं नाही. रेकॉर्डिंगवाल्याला तो मजकूर वाचून दाखवला, तर तो म्हणाला, "बघा सर. आणि मी काढून टाकणार होतो."

मग नांदेडच्या एका सभागृहात कार्यक्रम ठरला. मास्तर लातूरहून एसटीनं आले, पांढरा शर्ट, खांद्यावर तोच रुमाल. माझ्याशी बोलले ते एवढंच, की स्टेजवरचा पंखा त्यांच्या तोंडावर नको. चार रचना छान झाल्या. पाचवी सुरू झाली, सगळ्यांनी मिळून चाल वाजवली, आणि माझ्या फेऱ्या आल्या तसे मास्तर उठले. क्लॅरिनेट खुर्चीवर ठेवून स्टेजच्या पायऱ्या उतरले आणि पहिल्या रांगेत माझ्या बायकोच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. काहींनी टाळ्या वाजवल्या.

मी तीन फेऱ्या वाजवल्या. बरोबर वाजवल्या. पहिल्या रांगेकडे बघितलं नाही. तिसरी संपताना मास्तर वर आले, चाल वाजवली, मग पुढच्या दोन रचना. घरी जाताना आम्ही रिक्षा केली.

"मास्तरांना आवडलेलं दिसलं," बायको म्हणाली.

"कशावरून?"

"तुमचं चालू होतं तेव्हा त्यांची बोटं गुडघ्यावर चालू होती. दोन्ही हातांची."

"कुठल्या फेरीपासून?"

"मला कुठं फेरी कळते? खाली येऊन बसले तेव्हापासून."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी लातूरला फोन लावला. मास्तर दात घासत होते, थुंकून येईपर्यंत मला फोन धरायला लावला. मी सरळ विषयाला आलो. सौदा झाला होता, मी पाळला होता, आणि माझ्या कार्यक्रमात, माझ्या बायकोच्या शेजारी बसून त्यांनी माझ्या फेऱ्यांत बोटांनी वाजवलं होतं.

"आवाज आला का तुला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काय वाजवलं ते सांगा."

पलीकडून नळ बंद केल्याचा आवाज आला.

"ते न्हाई सांगत," ते म्हणाले. "गुडघ्याचं काही ठरलं नव्हतं."